मीटरच्या पुढची वायर कोणाची?

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. विद्युत निरीक्षक, पुणे
प्रत: महावितरणचे पुणे परिमंडळ, आणि सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींपैकी ज्यांना वाचायला सवड आहे ते सगळे

विषय: राहत्या इमारतींमधल्या वायरिंगच्या तपासणीबाबत

महोदय,

माझी सही 200 रुपयांना मिळायची.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘हा कोण मोठा शहाणा लागून गेला’ असं वाटलं तर त्याचं उत्तर तुमच्या हातात असेल. नवीन मीटर घ्यायचा तर अर्जासोबत परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. नव्वदच्या दशकातही लागायचा. त्या काळात एक एजंट दर शनिवारी माझ्या दुकानात वीस-पंचवीस फॉर्म घेऊन यायचा. चहा पिता पिता मी रकाने भरायचो. इन्सुलेशनच्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा दिसू नये म्हणून कुठे 20 मेगओहम, कुठे 25, कुठे 18 असं लिहायचो. मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते मोजायचं यंत्र, कपाटात पडून असायचा. ज्या घरांसाठी सही केली त्यांतलं एकही घर मी पाहिलेलं नव्हतं.

एकदा धनकवडीतून बोलावणं आलं. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणे. गेलो. बाथरूममधल्या गिझरला दोनच वायरी होत्या, तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिनच्या टॉपमध्येच कापून टाकलेली. बोर्डवरच्या सॉकेटमागे तर अर्थिंगची वायर कधी टाकलेलीच नव्हती. घरातल्या मुलीला सकाळी अंघोळीच्या वेळी नळाने धरून ठेवलं होतं. वडिलांनी मेन स्विच ओढला म्हणून ती सुटली. मी काम केलं. पैसे घेताना सहज विचारलं, वायरिंग कोणी केलंय, काही कागद आहेत का? त्यांनी फाइल काढून दिली. टेस्ट रिपोर्टवर ‘अर्थिंग समाधानकारक’ असं लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही.

मी त्यांना सांगितलं नाही. आज सांगतोय. त्या दिवसापासून सह्या बंद केल्या, पण म्हणून शहरातल्या सह्या बंद झाल्या असं नाही. एजंट पुढच्या दुकानात गेला, एवढंच.

माझा धंदा वायरमनचा. सरकारी मराठीत आम्हाला ‘तारतंत्री’ म्हणतात. चाळीस वर्षांत हा शब्द मी फक्त परवान्यावर वाचलाय, कोणी मला ‘ओ तारतंत्री’ अशी हाक मारलेली नाही. आधी तारतंत्रीची परीक्षा दिली, मग पर्यवेक्षकाची, मग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन. दुकान शुक्रवार पेठेत. तपकीर गल्लीतून माल आणायचा आणि पेठांमध्ये, पुढे सहकारनगर, बिबवेवाडी, कोथरूडपर्यंत कामं करायची, असं आयुष्य गेलं. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत, त्यामुळे लिहायला वेळ आहे.

प्रश्न साधा आहे. मीटरपासून तुमच्या स्विचबोर्डापर्यंत जी वायर जाते ती कोण तपासतं?

महावितरणला विचारा. ते म्हणतील, आमची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढचं ग्राहकाचं. बरोबर आहे. महापालिकेला विचारा. ते म्हणतील, वीज हा केंद्र आणि राज्य सरकारचा विषय, आमचा विद्युत विभाग रस्त्यावरचे दिवे बघतो. तेही बरोबर. विद्युत निरीक्षकांना विचारा. वीज कायदा 2003 च्या कलम 162 खाली राज्य सरकार त्यांना नेमतं, म्हणजे काम त्यांचंच वाटतं. पण ते नियम दाखवतील: ठरावीक व्होल्टेजपर्यंतच्या जोडणीची तपासणी मालकाने स्वतः करून घ्यायची आणि स्वतःच प्रमाणित करायची, पाच वर्षांच्या आत एकदा. आमच्या उमेदीच्या काळात 1956 चे जुने वीज नियम होते. त्यांतल्या नियम 46 प्रमाणे हीच पाच वर्षांची तपासणी निरीक्षकाने किंवा वीज पुरवणाऱ्या कंपनीने करायची होती. ती तेव्हाही घरोघरी होत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण निदान न करणारा कोण, ते कागदावर ठरलेलं होतं. आता न करणारे आपण सगळे.

मी आजवर शेकडो सोसायट्यांत गेलो असेन. ‘पाच वर्षं झाली, वायरिंगची तपासणी करून स्वयंप्रमाणपत्र द्यायचंय, या’ असा फोन मला एकदाही आला नाही. असा काही नियम आहे हे सेक्रेटरींना ठाऊक नसतं, आणि सांगितलं तर ते म्हणतात, कोणी मागितलंय का? कोणी मागितलेलं नसतं.

निरीक्षक येतात कधी? माणूस गेल्यावर. विजेच्या अपघातात कोणी दगावलं तर 24 तासांत कळवायचं असतं, कलम 161 खाली चौकशी होते, अहवाल होतो. आणि आग लागली तर पंचनाम्यात दोन शब्द येतात, ‘शॉर्ट सर्किट’. हे दोन शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. अहो, शॉर्ट सर्किट हे कारण नाही, तो शेवट आहे. शॉर्ट होण्याआधी तो जॉइंट सहा-सहा महिने गरम होत असतो. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, बोर्डाजवळ जळका वास येतो, घरातले एकमेकांना विचारतात ‘काही करपलं का गं?’ आणि पुन्हा टीव्ही बघायला लागतात. त्या सहा महिन्यांत कोणी स्क्रू अर्धा फेरा आवळला असता तर पंचनाम्याची वेळच आली नसती.

भिंतीत काय आहे ते थोडं सांगतो, कारण कार्यालयात बसून ते दिसत नाही.

पेठांतल्या वाड्यांमध्ये अजून लाकडी केसिंग-पट्टी आहे. आत रबराचं आवरण असलेली जुनी वायर. त्या रबराला बोट लावलं की भुगा पडतो. जोवर कोणी हात लावत नाही तोवर ती वायर गपगुमान चालते. पंखा बदलायला म्हणून ओढली की उघडी पडते. त्यानंतरच्या पिढीची बॅटनपट्टी आणि क्लिपा. मग सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारती आल्या आणि त्यांतल्या कितीतरींमध्ये ॲल्युमिनियमची वायर निघते, कारण तेव्हा तांबं परवडत नव्हतं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबतं, सैल होतं, त्यावर बुरशीसारखा थर चढतो, आणि त्याला पुढे कोणीतरी तांब्याची वायर पीळ मारून जोडलेली असते. असा जॉइंट दिव्याचा भार पेलतो. एसीचा पेलत नाही.

ज्या टू-रूम-किचनमध्ये बांधतेवेळी चार ट्यूब, तीन पंखे, एक फ्रिज आणि एक इस्त्री एवढा हिशोब धरला होता, तिथे आज दोन एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, 3 किलोवॉटचा इन्स्टंट गिझर आणि इन्व्हर्टर आहे. 3 किलोवॉट म्हणजे 13 अँपिअर. हा गिझर मी दिव्याच्या 1 चौरस मिलिमीटरच्या वायरवर लावलेला पाहिलाय. आता खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, त्यांच्यासाठी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळतात. किटकॅट फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात फ्यूजच्या तारेऐवजी वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पिळून घातलेल्या असतात. त्यानंतर फ्यूज कधीच उडत नाही. जळायचं काम भिंतीतल्या वायरवर येतं.

अर्थिंगची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पुष्कळ जुन्या इमारतींत वेगळं अर्थिंग केलेलंच नव्हतं. पाण्याच्या लोखंडी पाइपलाच वायर बांधायची, पाइप जमिनीत जातो, झालं अर्थिंग. ती पद्धत चुकीची, पण बरी-वाईट चालायची. मग गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळ्या सोसायट्यांनी गंजलेले लोखंडी पाइप काढले आणि प्लास्टिकचे टाकले. प्लंबर खूश, सोसायटी खूश, पाणी जोरात. त्या दिवशी इमारतीतल्या वीस घरांचं अर्थिंग एका झटक्यात गेलं आणि कोणालाही कळलं नाही. तिसरी पिन आहे, वायर आहे, वायर पाइपलाही बांधलेली आहे, फक्त पाइप आता कुठेच जात नाही. खालच्या घरातल्या मशीनमध्ये लीकेज झालं तर ते त्याच वायरीने वरच्या घरातल्या नळाला जाऊन पोहोचू शकतं. हे मी नुसतं कल्पना करून सांगत नाहीये, टेस्टर लावून पाहिलंय.

न्यूट्रलचंही तसंच. इमारतीला थ्री-फेज येतो, घरं तिन्ही फेजवर वाटलेली असतात आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सगळ्यांचा एक. मीटररूममधला तो न्यूट्रलचा जॉइंट सुटला की काही घरांतले दिवे मंद होतात आणि काही घरांत व्होल्टेज 300 च्या पुढे जातं. टीव्ही, फ्रिज, राउटर एका मिनिटात खलास. लोक महावितरणला शिव्या घालतात. कधी जॉइंट त्यांचा असतो, पण कितीदा तरी तो सोसायटीच्याच बाजूचा निघतो.

आणि एक यंत्र आहे, आरसीसीबी. लोक त्याला अजून जुन्या सवयीने ‘ईएलसीबी’ म्हणतात. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, वायर वाचवते, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून जाणारा मारक करंट तिच्या हिशोबी किरकोळ असतो. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट तोलून बघते. 30 मिलिअँपिअरची तूट आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडते. धनकवडीच्या त्या घरात ती असती तर मुलीला फक्त एक चटका बसला असता. जुन्या नियमांत लीकेजच्या संरक्षणाचा नियम 61-अ होता, आजच्या नियमांतही तरतूद आहे. मग घरात ती का दिसत नाही? कारण जुन्या वायरिंगमध्ये ती बसवली की सारखी पडते. पडते म्हणजे तिला काहीतरी सापडलेलं असतं. पण घरमालक म्हणतो, मालिका चालू असताना लाइट जातो, काढा ती. आणि आमचाच एखादा भाऊ ती काढून वायरी सरळ जोडून देतो आणि 100 रुपये घेतो. आग लागल्याची घंटा वाजते म्हणून घंटा काढून टाकायची, असला प्रकार.

(ज्यांच्या घरी आरसीसीबी आहे त्यांनी तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण आत्ता जाऊन दाबून बघा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती फक्त शोभेला आहे.)

आता नियमांतली गंमत बघा. 15 मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर वीज सुरू करण्याआधी निरीक्षकांची तपासणी लागते, केबलच्या डक्टमध्ये दुसरे पाइप चालत नाहीत, प्रत्येक मजल्यावर आगीला अडवणारा पडदा लागतो. फार चांगला नियम. पण पुण्याच्या जुन्या सोसायट्यांची साधारण उंची काय? तळमजला अधिक तीन, फार तर चार. 15 मीटरच्या आतच. म्हणजे जिथे वायर सगळ्यात जुनी, तिथे नजर सगळ्यात कमी.

इमारतीत लिफ्ट असेल तर तिला लायसन लागतं, तपासणी होते, आणि ती करणारं खातं विद्युत निरीक्षकांचंच. म्हणजे निरीक्षकांचा माणूस आमच्या जिन्यापर्यंत येतो. लिफ्ट बघतो. तीच लिफ्ट ज्या मीटररूममधून वीज घेते ती बघायची त्याच्यावर सक्ती नाही. इमारतीच्या सांगाड्याचं म्हणाल तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलंय. महापालिकाही 30 वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याचं प्रमाणपत्र मागू शकते. कॉलम-बीमला वय होतं हे सगळ्यांना पटलंय. वायरलाही वय होतं, आणि ती सिमेंटपेक्षा लवकर म्हातारी होते.

सगळ्यात मौज गणपतीची. दहा दिवसांच्या मांडवाला महावितरण तात्पुरती जोडणी देतं, त्याला परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट मागतं, दर वर्षी पत्रक काढून ‘आकडा टाकू नका, अधिकृत जोडणी घ्या’ म्हणून विनवतं. मंडळाचे कार्यकर्ते कुरकुरत का होईना कागद जमवतात. शनिवार पेठेत मी एका मंडळाच्या मांडवात आरसीसीबी लावली, अर्थिंगचा खड्डा केला, कोळसा-मीठ घातलं. मांडवाच्या मागच्या वाड्यात बारा बिऱ्हाडं आहेत आणि तिथे यांतलं काहीही नाही. बाप्पा सुरक्षित, भाविक सुरक्षित, भाडेकरू रामभरोसे.

भाडेकरूंवरून आठवलं. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथे स्पर्धा परीक्षांची पोरं हजारोंनी राहतात. कॉट बेसिसवर. एका खोलीत पाच कॉट, पाच मोबाइल, तीन लॅपटॉप, एक इंडक्शन शेगडी, आणि सगळं एका सॉकेटला लावलेल्या एका चायना बोर्डावर. आणि दिवसभर बसायला अभ्यासिका. मूळच्या एका हॉलमध्ये प्लायवूडचे खण पाडून साठ-सत्तर जागा केलेल्या, प्रत्येक खणात दिवा आणि चार्जिंग पॉइंट, वर एसी, दार एकच. ते वायरिंग रात्रीत होतं. मला एका अभ्यासिकेच्या मालकाने बोलावलं होतं. मी दर सांगितला तेव्हा तो म्हणाला, काका, तुम्ही फार जास्त सांगताय, आमचा पोरगा दोन दिवसांत करतो. त्या पोराने केलं. पूर्ण हॉल एका एमसीबीवर. ती पोरं फौजदार, तहसीलदार व्हायला लातूर-परभणीकडून आलीत. त्यांच्या आई-बापांना हे दाखवायला हवं. इंग्लंडमध्ये 2020 पासून भाड्याने घर देणाऱ्या मालकाला दर 5 वर्षांनी वायरिंग तपासून तो अहवाल भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. आपल्याकडे भाडेकरार नोंदवताना फोटो लागतो, अंगठा लागतो, पोलिसांकडे माहिती द्यावी लागते, वायर सोडून सगळं तपासलं जातं.

25 जुलै 2024 ची पहाट तुम्हाला आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीकाठी पाणी शिरलेलं, आणि डेक्कनच्या पुलाची वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तिघं तरुण गेले. त्या घटनेत नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही, तो चौकशीचा विषय. पण त्या दिवशी दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे या शहरातल्या सगळ्या हातगाड्या, टपऱ्या, फुटपाथवरच्या होल्डरच्या वायरी येत राहिल्या. पावसाळा दर वर्षी येतो.

महापालिकेने ‘हा आमचा विषय नाही’ म्हणू नये, असं मला का वाटतं ते सांगतो. वायर तुमची नसेल, पण कागद तुमचा आहे. भोगवटापत्र तुम्ही देता. नर्सिंग होमची नोंदणी आणि दर 3 वर्षांनी नूतनीकरण तुम्ही करता. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्याचं प्रमाणपत्र तुमचं अग्निशमन खातं घेतं. पंप चालतो का, होजमध्ये पाणी येतं का, हे त्यात बघितलं जातं. म्हणजे आग लागल्यावर काय करायचं याची वर्षातून दोनदा तपासणी, आणि ती लागू नये याची एकदाही नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या इलेक्ट्रिकल ऑडिटची पळापळ झाली. काही महिने माझाही फोन वाजत होता. मग थांबला.

आणि पालिकेला एखादी गोष्ट हवी असली की ती घरोघरी पोहोचते, हे आम्ही पाहिलंय. मिळकतकराच्या 40 टक्के सवलतीसाठी तुम्ही पीटी-3 अर्ज मागवलात तर अख्ख्या शहराने कागदपत्रांच्या झेरॉक्स काढल्या.

पण इथे मला एक अडचण मांडायची आहे, आणि ती माझ्याच अनुभवातून आलेली आहे. उद्या तुम्ही ठराव केलात की प्रत्येक इमारतीने विद्युत तपासणीचं प्रमाणपत्र आणावं, तर काय होईल? पुढच्या शनिवारी एजंट फॉर्म घेऊन निघतील. सहीचा भाव 200 चा 2000 होईल. एवढाच फरक. एक प्रमाणपत्र वाढेल आणि भिंतीतली वायर आहे तिथेच राहील. म्हणून मला प्रमाणपत्र नकोय. मला आकडे हवेत, आणि ते आकडे दुसऱ्या कोणालातरी पडताळता यावेत असे हवेत.

मीटररूमच्या दारावर एक पत्रा लावायचा. त्यावर तपासणीची तारीख, करणाऱ्याचा परवाना क्रमांक, अर्थिंगचा रेझिस्टन्स किती ओहम, प्रत्येक घराच्या वायरिंगचं मेगरचं रीडिंग, आणि आरसीसीबी आहे का, किती मिलिअँपिअरला पडली. बस. दहावी पास माणसाला वाचता येईल एवढं. मेगर 500 व्होल्टला लावायचा, 1 मेगओहमच्या खाली आलं तर वायर आजारी, हा हिशोब जुन्या नियमांपासून चालत आलेला आहे, त्यात रॉकेटसायन्स नाही. एका घराला अर्धा तास पुरतो.

आणि मग वर्षभरात शंभरातल्या दोन-तीन इमारती चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, तिथे दुसऱ्या माणसाने जाऊन तेच आकडे पुन्हा घ्यायचे. पत्र्यावर 20 मेगओहम आणि प्रत्यक्षात अर्धा निघाला, तर सही करणाऱ्याचं लायसन निलंबित. हे निरीक्षकसाहेबांनी करायचं, तो अधिकार राज्याचा आहे. मी खात्रीने सांगतो, माझ्यावर त्या काळी असा एकदा जरी कोणी आला असता तर मी दुसऱ्या दिवशी मेगर कपाटातून काढला असता. आम्ही सही विकायचो ते पैसे कमी मिळत होते म्हणून नाही. कोणी कधी उलटून बघायला येत नव्हतं म्हणून.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न तुम्ही विचाराल. औंधच्या आयटीआयमधून दर वर्षी इलेक्ट्रिशियन आणि वायरमनची मुलं बाहेर पडतात. त्यांना रीडिंग घ्यायला द्या, वर एक परवानाधारक पर्यवेक्षक ठेवा. त्यांना काम मिळेल, आणि जुन्या इमारतीची भिंत उघडल्यावर आत काय निघतं हे पुस्तकात नसलेलं शिक्षणही मिळेल. पैशाचं म्हणाल, तर दर महिन्याच्या घरगुती बिलावर आम्ही 16 टक्के विद्युत शुल्क राज्याला देतो. त्यातला कितवा भाग वायर बघण्यासाठी खर्च होतो, हे विचारायचा हक्क मला वाटतं प्रत्येक ग्राहकाला आहे. पालिकेने सोलर आणि पावसाचं पाणी जिरवण्याला मिळकतकरात सूट दिली तशी जुनं वायरिंग बदलणाऱ्याला एक वर्ष दिली तरी पुष्कळ लोक हलतील. वाड्यातल्या भाडेकरूंचं अवघड आहे. मालक खर्च करत नाही, भाडेकरू म्हणतो वाडा उद्या पाडणार, मी का करू? आणि तो उद्या वीस वर्षं येत नाही. तिथे निदान एवढं करा, दर बिऱ्हाडाला मीटरजवळ एक आरसीसीबी. सगळं वायरिंग बदलायला लाखात खर्च येईल, पण ही एक वस्तू एका चांगल्या मिक्सरच्या किमतीत बसते.

सुरुवात सगळ्या शहरापासून करू नका, फसाल. अभ्यासिका, वसतिगृहं आणि छोटी रुग्णालयं आधी घ्या. समाविष्ट गावांतल्या गुंठेवारीच्या इमारती, ज्यांना भोगवटापत्रच नाही, तिथे काय करायचं ते मला सुचलेलं नाही. तिथे मीटर आहेत, माणसं आहेत आणि कागद नाहीत.

आणि आमच्या धंद्यातल्या भावांबद्दल एक विनंती. या शहरात वायरिंगचं निम्मं काम बिनपरवाना पोरं करतात. ती सगळी वाईट नाहीत, काहींचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो, कामाचा दाखला कोण देणार, इथे ती अडकतात. त्यांना पकडायला जाण्याआधी एकदा वॉर्डात बोलवा, फॉर्म भरून घ्या. नियमाने परवाना नसलेल्याने वायरीला हात लावायचा नाही, हे कबूल. पण तसा नियम सक्तीने लावला तर उद्या पुण्यात पंखा लावायला माणूस मिळणार नाही.

मी राहतो त्या इमारतीचं काम गेल्या महिन्यात केलं. 14 घरं, बांधकाम 1983 चं. तीन घरांत मेगर 1 च्या खाली आला, त्यांतलं एक घर माझं. अर्थिंग अर्थातच प्लास्टिकच्या पाइपला बांधलेलं होतं, नवीन खड्डा केला. दोन शेजाऱ्यांनी आरसीसीबी बसवायला नकार दिला, त्यांची नावं पत्र्यावर लिहिली नाहीत, फक्त जागा मोकळी ठेवलीय. त्यांतल्या एकांनी परवा विचारलं, ‘अण्णा, ते आमच्यापुढे रिकामं का दिसतं?’ येत्या रविवारी त्यांच्याकडे बसवतोय.

या पत्र्याचा फोटो आणि माझा परवाना क्रमांक आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष आणून देईन. वेळ दिलीत तर महापालिका भवनातल्याच एखाद्या मजल्याच्या बोर्डापासून सुरुवात करू. मेगर माझा आहे, शिडी तुमची लागेल, आणि चढायला एखादा तरुण माणूस.

आपला,
एक परवानाधारक तारतंत्री
शुक्रवार पेठ, पुणे